थर्मासची कडी

वडिलांच्या जुन्या जावा मोटरसायकलची, टाकीतून कार्बुरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडवताना तिचे दोन तुकडे हातात आले. रबर जुनं झालं की चिकट होतं, नाहीतर भेगाळतं. ही नळी काचेसारखी कडकन मोडली. रंग कोऱ्या चहाचा, आणि मध्ये एक फुगीर, लांबट कुपी. मी ती उजेडात धरली आणि मागच्या पडवीच्या पायरीवर बसून राहिले. सलाईनची नळी होती ती. गुरांना सलाईन लावताना कुपीत थेंब पडताना दिसला की शिरेत पाणी चाललंय हे कळतं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तीच सोय गाडीला केली होती. पेट्रोल खाली उतरतंय की कचरा अडकलाय, ते त्यांना वाकून बघितलं की दिसत असणार.

आप्पा गुरांचे डॉक्टर होते. आजरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात त्यांची बहुतेक नोकरी झाली. गाडी जावा २५०, सन १९६८ ची. त्यांनी ती १९७४ मध्ये एका ओव्हरसिअरकडून जुनी घेतली, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. १९९८ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्या पावसाळ्यानंतर गाडी गोठ्यात लागली ती लागलीच. आधी तिच्यावर एक घोंगडं होतं, मग रिकामी पोती आली, मग कडब्याच्या पेंढ्या. २०११ मध्ये आप्पा गेले. २०२१ मध्ये आजऱ्याचं घर रिकामं करायची वेळ आली, तेव्हा भंगारवाल्याने गोठ्यातल्या सगळ्या लोखंडाचा मिळून एक आकडा सांगितला. त्यात गाडीही धरली होती. आईने नुसती मान हलवली. मी टेम्पो सांगितला आणि गाडी कोल्हापूरला आणली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. इंजिनाची आकृती फळ्यावर काढायला मला कधी अडचण आली नव्हती. प्रत्यक्ष इंजिन मात्र मी वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा उघडलं.

जावा ही मुळात प्रागची. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले, आणि यानेचेकमधलं ‘या’ (रोमन लिपीत Ja, म्हणून आपल्याकडे ‘जा’) आणि वाँडररमधलं ‘वा’ जोडून हे नाव तयार झालं. आपल्याकडे म्हैसूरला रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ती बनवायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एवढा इतिहास जावाप्रेमींना तोंडपाठ असतो, म्हणून मी तो इथेच सोडते. मला सांगायचंय ते म्हैसूरच्या फाटकाबाहेर गाडी पडली त्यानंतरचं.

त्या गाडीची एक खुबी मात्र सांगायलाच हवी. तिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, परत पाडला की गिअर. आणि पायाने गिअर टाकला की क्लच आपोआप सुटतो, हाताने दांडी दाबली नाही तरी चालतं. आई सांगते, आंबोलीच्या बाजूला पावसात जाताना आप्पा डाव्या हाताने चष्मा पुसत पुसत गिअर टाकायचे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या भागात चष्मा लावून फटफटी चालवणाऱ्या माणसाला मोकळा डावा हात किती कामाचा, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही.

सुरुवातीला माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: गाडी नव्यासारखी करायची. टाकी मरून रंगाची, बाजूला चकचकीत क्रोम, त्यावर बारीक सोनेरी रेघा. फोटोत बघितलेली जावा. म्हणून मी पहिलं काम काढलं ते रंग उतरवायचं. बाजूच्या पेटीच्या झाकणावर काळा रंग फासलेला होता, हाताने, ब्रशचे ओघळ दिसत होते. मी त्यावर रंग काढायचं रसायन लावलं. दहा मिनिटांत काळा थर सुरकुतला, पत्र्याच्या पट्टीने मी तो खरवडला, आणि खालचा थरही त्याबरोबर निघाला. खालच्या थरावर पांढरी अक्षरं होती. मला दिसली तेव्हा ‘पशु’ एवढंच राहिलं होतं, आणि त्यातला उकारही अर्धा. बाकीचं पट्टीवर चिखल होऊन आलं होतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, “‘पशुवैद्यकीय’ लिहून घेतलेलं. पेंटरनं दोन्हीकडं लिहिलं होतं. रात्री-अपरात्री नाक्यावर पोलिसांनी अडवू नये म्हणून. पुढं साहेब कोणी आला, तो म्हणाला खासगी गाडीवर खात्याचं नाव चालत नाही. मग यांनी स्वतःच काळं मारलं.”

ते अक्षर लिहिणारा, ते पुसायला लावणारा आणि ते पुसणारा, तिघांचाही पुरावा त्या झाकणावर होता आणि मी तो दहा मिनिटांत धुऊन काढला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी मी रसायनाचा डबा शेजाऱ्यांच्या सुताराला देऊन टाकला. शाळेची एक जुनी शंभरपानी वही घेतली आणि ठरवलं, यापुढे एकही नट सोडायच्या आधी तो कसा होता ते लिहायचं. दुसऱ्या बाजूचं झाकण मी अजून हात न लावता ठेवलंय. त्याच्या काळ्या रंगाखाली ते सहा अक्षरांचं नाव असेल. तिरप्या उजेडात बघितलं की अक्षरांच्या कडा किंचित उठलेल्या दिसतात.

त्या वहीत पुढच्या दीड वर्षात जे उतरलं, ते सगळं आप्पांच्या हातचं होतं असं मी म्हणणार नाही. गाडी अनेक हातांतून गेली होती. पण कुठला हात कोणाचा ते हळूहळू ओळखू यायला लागलं. बसस्थानकाजवळच्या मेकॅनिकचा हात जोराचा: बोल्टाची डोकी झिजलेली, छिन्नीचे घाव. आप्पांचा हात वेगळाच. वायरिंगचे जोड त्यांनी पिळून, वर औषधी चिकटपट्टी गुंडाळून केलेले, आणि पट्टीचं टोक आत दुमडलेलं, जखमेवरच्या बँडेजचं दुमडतात तसं. हेडलाइटच्या घुमटीत वायरींचा जुडगा टाके घालायच्या दोऱ्याने बांधलेला. त्याची गाठ शस्त्रक्रियेची होती. दोनदा पीळ देऊन मारलेली, न सुटणारी. लहानपणी मी त्यांना म्हशीच्या सडाची जखम शिवताना कंदील धरलेला आहे, म्हणून मला ती गाठ ओळखता आली.

अवजारांच्या कप्प्यात पाने आणि पक्कडीबरोबर एक काचेची पिचकारी निघाली, पन्नास मिलिलिटरची, जनावरांना टोचायची, धातूच्या टोप्यांची. आत चॉकलेटी रंगाचा चिकट थर. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल भरायचं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळतात. या जावाचं प्रमाण पंचविसास एक, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. पाच लिटर पेट्रोल घातलं की २०० मिलिलिटर, पिचकारीच्या बरोबर चार भरण्या. ऑइल कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कोंदतात. बहुतेक लोक पंपावर अंदाजाने ओतून मोकळे व्हायचे. औषधाचा डोस वजनावर काढणाऱ्या माणसाला अंदाज मानवला नसावा.

आणि गिअरबॉक्सचं झाकण उघडलं तेव्हा पॅकिंग म्हणून पुठ्ठा निघाला. कात्रीने, झाकणाच्या आकाराचा, भोकं पाडून कापलेला. ऑइलने भिजून तो पारदर्शक झाला होता. एका कडेला छापील अक्षरं वाचता आली: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. कोणाचं तरी लग्न वीस-पंचवीस वर्षं गिअरच्या ऑइलमध्ये बुडून होतं आणि एक थेंब बाहेर गळू देत नव्हतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गेले ती क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचं फिरण्यात रूपांतर करणारा भाग, घेऊन. जावाचा क्रँक दाबून बसवलेला असतो. दोन जाड चकत्या, मध्ये पिन, पिनेवर कनेक्टिंग रॉड, आणि सगळं एकमेकांत टनाच्या दाबाने ठासलेलं. घरी हातोडीने सोडवायला गेलं की संपलं. प्रेसवर पिन काढायची, नवीन रॉडचा संच बसवायचा, आणि मग दोन्ही चकत्या एका रेषेत आहेत का ते बघायचं. हे शेवटचं काम करताना मी तिथल्या मिस्त्रींना तीन तास बघत उभी होते. क्रँक दोन टोकांवर फिरता ठेवायचा, डायलचा काटा टेकवायचा, हळू फिरवायचा. काटा हलला की क्रँक उचलून तांब्याच्या हातोडीचा एक ठोका. परत टोकांवर, परत काटा. हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. वय सत्तरीच्या पुढे, काटा वाचायला त्यांना नातवाची मदत लागत होती, पण ठोका कुठे आणि केवढा मारायचा हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

“बाई, ह्यो रॉड एकदा बदललाय आधी,” ते म्हणाले. “आनि बदलनाऱ्यानं हितंच बदललाय. ही पिनंवरची खूण बगा. आमच्या मालकाची हाय.”

म्हणजे आप्पा कधीतरी हाच क्रँक घेऊन याच गल्लीत येऊन गेले होते. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनली, शेतीपंप बनले, ओतकामाच्या भट्ट्या पेटल्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे बाजारात एखादा सुटा भाग मिळत नाही म्हणून कोणी हात जोडून बसत नाही. रॉडच्या वरच्या डोळ्यातलं बुश मिळेना तर मिस्त्रींनी गनमेटलचा तुकडा लेथला लावला आणि चहा येईपर्यंत बुश तयार झालं. मी ते हातात घेतलं तेव्हा गरम होतं.

सिलिंडरचा मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, ६५ मिलिमीटर. आमचा दोनदा वाढवलेला निघाला, पाव-पाव मिलिमीटरने. आता तिसऱ्यांदा. ६५.७५ चा पिस्टन नशिबाने मिळाला. पुढच्या वेळी शेवटची पायरी, त्यानंतर लोखंडी स्लीव्ह बदलण्याशिवाय इलाज नाही. एका माणसाने चोवीस वर्षं, उत्तूर ते गवसे, कच्च्या रस्त्यांवर, कोणाच्या तरी गोठ्याकडे धावत जाऊन किती धातू झिजवला, त्याचं माप या पाव मिलिमीटरमध्ये आहे. शाळेत मी मुलांना घर्षण शिकवते तेव्हा आता तो जुना पिस्टन वर्गात नेते.

टाकीचं काम मी घरी केलं आणि ते मला फार आवडलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आतून पोपडे धरलेला गंज होता. नट-बोल्ट आणि साखळीचे तुकडे घालून टाकी हलवायची ही नेहमीची पद्धत, पण पत्रा आधीच पातळ झालेला, मला भीती वाटली. मग विद्युत अपघटन केलं. टाकीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, मधोमध एक साधी लोखंडी सळई, टाकीला कुठेही न टेकणारी. बॅटरी चार्जरची ऋण बाजू टाकीला, धन बाजू सळईला. थोड्या वेळात सळईवर लालसर गाळ चढायला लागतो आणि टाकीच्या भिंतीवरून बारीक बुडबुडे निघतात. तो हायड्रोजन असतो, त्यामुळे हे काम उघड्यावरच करायचं आणि जवळपास काडी पेटवायची नाही. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, तिच्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. दर काही तासांनी सळई काढून घासायची, परत घालायची. तीन दिवस आणि तीन रात्री मी हे केलं. चौथ्या दिवशी टॉर्च मारून बघितलं तर आत राखाडी, कोरडा, जिवंत पत्रा. चांगला पत्रा तसूभरही झिजला नव्हता. फक्त गंज गेला होता.

माझं सगळं म्हणणं खरं तर त्या टाकीत आहे. गंज गेला पाहिजे. पण बाकीचं काय काय ‘गंज’ म्हणून मोजायचं?

हा प्रश्न ऐरणीवर आला तो कॅरिअरपाशी. मागच्या सीटच्या पाठी लोखंडी कॅरिअर आहे आणि त्याच्या उजव्या अंगाला एक कडी वेल्डिंगने जोडलेली. जाड पट्टी वाकवून केलेली, खाली आधाराला फुलीसारख्या दोन पट्ट्या. आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर, तारेने शिवलेलं. वेल्डिंग ओबडधोबड, मण्यामण्यांचं. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या घेऊन जमतात. अशाच एका जमण्यात मी माझ्या अर्धवट गाडीचे फोटो दाखवले. तिथल्या एका अनुभवी गृहस्थांनी मला तोवर खूप मदत केली होती. कुठला बोल्ट कुठल्या सालचा, मरूनमधला खरा मरून कुठला, हे त्यांच्याकडून शिकले. त्यांनी फोटो बघितला आणि मायेने सांगितलं, “ही कडी ग्राइंडरने उडवा, घासून घ्या, पावडर कोटिंगमध्ये खूण राहणार नाही. आणि तो साडी गार्डही काढा, मूळ डिझाइनला शोभत नाही.”

अशी माणसं नसती तर कारखान्याची खरी माहिती केव्हाच विरून गेली असती. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण घरी येऊन मी आईला कडी दाखवली आणि ती बोलायला लागली.

सत्तरच्या दशकात खेड्यात कृत्रिम रेतन पोचवायचं ते असंच. वळूचं वीर्य पातळ करून, थंड करून, काचेच्या नळ्यांत यायचं. ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं तर दोन-तीन दिवस कामाचं. द्रव नायट्रोजनची, उणे १९६ अंशांची भांडी गावोगाव पोचली ती नंतर. तोवर बर्फ आणि थर्मास. गाय किंवा म्हैस माजावर येते ती जेमतेम दिवसभर. ती वेळ हुकली की पुढे २१ दिवस थांबा. शेतकऱ्याच्या घरी तेवढं दूध लांबणीवर पडतं. गोकुळ दूध संघ १९६३ मध्ये सुरू झाला होता आणि गावागावात सकाळ-संध्याकाळ दूध घातलं जाऊ लागलं होतं. एक माज हुकणं म्हणजे काय, हे घरातल्या बाईला आधी कळायचं. निरोप घेऊन पोरगा धावत यायचा आणि आप्पा निघायचे.

“पहिला थर्मास पिशवीत घालून न्यायचे,” आई म्हणाली. “गवश्याच्या रस्त्याला खड्ड्यात गाडी आदळली, आतली काच फुटली. त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. तीन घरची जनावरं होती म्हणे. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या वेल्डरकडनं ही कडी करून आणली. ट्यूब मी शिवली. तारेनं बोट फाटलं होतं माझं.”

मला माहीतच नव्हतं की या गाडीत आईचंही काम आहे.

त्या रात्री मी बराच विचार केला. जुन्या इमारतींच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद झाली, तिच्यात एक कलम आहे: वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर मानली पाहिजे, सगळं एका शैलीचं करणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नव्हे. आपल्याकडच्या देवळांत हे रोज दिसतं. हेमाडपंती गाभारा, पेशवाईतला सभामंडप, आणि कोणीतरी नवस फेडताना बसवलेली पितळी घंटा. घंटा नंतरची म्हणून कोणी उतरवत नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानेही पुढे याच विचारावर आपली ट्युरिन सनद बेतली.

आपल्या कायद्यातही ‘मूळ’ हा शब्द आहेच. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, रोजच्या वाहतुकीला वापरू नये. मी ती वाट धरली नाही. आप्पांच्या नावाचं आरसी बुक घरात होतं, वारस म्हणून गाडी आईच्या संमतीने माझ्या नावावर झाली, आणि साधी पुनर्नोंदणी केली. त्याला खूप हेलपाटे पडले, ते सांगत बसत नाही. गाडी मिरवणुकीपुरती ठेवायची नव्हती मला.

मूळ म्हणजे कुठलं मूळ? म्हैसूरच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली तो एक दिवस, आणि त्यानंतर ती तीस वर्षं राबली. त्या तीस वर्षांत ती जी झाली ती माझ्या घरची गाडी आहे. कारखान्यातल्यासारखी जावा कोणाकडे तरी असावीच, ती बघायला मी मैलभर चालत जाईन. पण देशात कडीवाली जावा ही एवढीच असेल, आणि ग्राइंडर दोन मिनिटांत ती नाहीशी करेल. एक झाकण असं गेलेलं मी बघितलं होतं.

म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ ओढली. ज्याने जीव जाऊ शकतो ते काढायचं. सलाईनची नळी गेली. चिकटपट्टीच्या वायरी गेल्या, सहा व्होल्टचं अख्खं वायरिंग नवीन केलं. मागच्या ब्रेकच्या लायनरखाली कोणीतरी डालड्याच्या डब्याचा पत्रा भरून त्याची जाडी वाढवली होती, तो बघून माझ्या पोटात गोळा आला, तो लगेच गेला. लग्नपत्रिकेच्या जागी नीट पॅकिंग आलं. हे सगळं मी वहीत चित्रासकट लिहिलंय आणि एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलंय. पण नुसतं दिसतं, कोणाला इजा करत नाही, ते राहिलं. कडी राहिली. साडी गार्ड राहिला. मडगार्डवरचा पोचा राहिला, तो हिरण्यकेशीच्या पुलावर बैलगाडीला घासून पडलेला आहे. टाकीला रंग दिला, कारण तिथे पत्राच उघडा पडला होता. रेघा मारायला दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक जुने पेंटर आले. त्यांनी करंगळी टाकीवर टेकवून, श्वास रोखून, एका दमात सोनेरी रेघ ओढली. मध्ये एका जागी ती केसाएवढी जाड झाली. “पुसून परत मारू?” म्हणाले. मी नको म्हटलं.

पहिल्यांदा गाडी सुरू झाली तो दिवस फेब्रुवारीतला. पिचकारीच्या चार भरण्या ऑइल, पाच लिटर पेट्रोल. कार्बुरेटरवरची टिकली दाबली, पेट्रोल ओघळलं, दांडा आत दाबून वर घेतला. सातव्या किकला एक फटका, अकराव्याला धूर, आणि मग ती धरली. पहिली दोन मिनिटं आवाज वर-खाली व्हायचा, आपोआप चढायचा. मिस्त्रींनी फोनवर ऐकूनच सांगितलं, “बाई, सील हवा खातंय.” टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या पेटीत हवा-पेट्रोल आधी दाबलं जातं, त्यामुळे क्रँकच्या टोकाचं ऑइल सील जरा सैल असलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण कोरडं पडतं, इंजिन तापतं. डावीकडचं सील मी बसवताना ओठ दुमडलेला राहिला होता. परत उघडलं, परत बसवलं. दोन रविवार गेले.

आता एक नवीन काळजी आहे. आजचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाला साचून गंज धरतं, शिवाय टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकमधलं बूच आणि जुन्या पद्धतीचं रबर त्याने सुजतं. आमच्या जिल्ह्यातल्या उसाच्या मळीपासूनही ते होतं, त्यावर कितीतरी घरं चालतात, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची. मी नळी व्हायटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराची, घातली आहे, कॉकचं बूच दर पावसाळ्याआधी बघते, आणि पंधरा दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करते.

आई आता ७४ वर्षांची आहे. ती गाडीवर बसणार नाही असं मला वाटलं होतं. ती बसली, एका बाजूला पाय सोडून, साडीचा घोळ गार्डवर नीट चापून, आणि उजवा हात तिने मागे नेऊन कडीला धरला. बघून नव्हे, हात आपोआप तिथे गेला. आम्ही रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. परत आल्यावर म्हणाली, “हिच्यात थर्मास पाहिजे. नुसती कडी हलती.”

खरं आहे. रिकामी कडी चालत्या गाडीत किंचित झणझणते. वीस किलोमीटरच्या वर वेग गेला की ऐकू येतं. आतला व्यास, ट्यूबचं नवीन अस्तर धरून, साडेअकरा सेंटिमीटर आहे. अस्तर आईनेच शिवलं, या वेळी दोऱ्याने. तिच्या आठवणीत तो ईगलचा होता, लाल झाकणाचा. तळेगावला बनायचे ते. मी दोन जुने मिळवले. एकाचं बूड मोठं निघालं, दुसरा बरोब्बर बसला पण आतली काच तडकलेली होती. गडहिंग्लजला जुन्या भांड्यांचं एक दुकान आहे असं कोणी सांगितलंय. पुढच्या आठवड्यात माप घेऊन जाणार आहे, गाडीवरच.